अलास्कात मासेमारीला पहिल्यांदा जाताना: नदीआधी आठवडा ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला दाखवता येईल. तुम्ही पुण्यात, भाऊ सिएटलला. तुम्ही दोघं, अडुसष्ट वर्षांचे वडील आणि भावाची तेरा वर्षांची मुलगी असे चौघं जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दहा दिवस अलास्कात मासे पकडायला जायचं म्हणताय. मनात किंग सॅमन आहे, सॅमनची सगळ्यात मोठी जात. लॉजचे दर ऐकल्यावर लॉजचा विचार सोडलात. आता बेत असा की छोट्या विमानाने नैऋत्य अलास्कातल्या ब्रिस्टल बे या उपसागराकडच्या एखाद्या नदीच्या वरच्या टोकाला उतरायचं आणि भाड्याच्या राफ्टमधून, गाइड न घेता, खाली यायचं. आणि विचारलंय एवढंच की नदी कोणती आणि रॉड कोणता.

रॉडचं आधी उरकते. सॅमनसाठी आठ नंबरचा फ्लाय रॉड (हलकी कृत्रिम माशी फेकायची काठी, नंबर मोठा तितकी दणकट), रेनबो ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाला सहा किंवा सात नंबरचा. फ्लाय रॉड कधी हातात धरला नसेल तर साडेआठ फुटांचा मध्यम-जड स्पिनिंग रॉड आणि पंधरा ते वीस पौंडांची दोरी. तुमच्या चौघांपैकी किमान तिघांना मी स्पिनिंगच देईन. रॉड चुकला तर अँकरेजच्या दुकानात दुसरा मिळतो. आठवडा चुकला तर त्याला दुकान नाही.

म्हणून नदीचा प्रश्न जरा बाजूला ठेवू. मी अँकरेजला राहते, उन्हाळाभर स्वतः नदीवर असते आणि ओळखीच्या-अनोळखी मंडळींना सहली आखून देते. माझ्या अनुभवात बिघडलेल्या सहली बहुतेक तीन कारणांनी बिघडतात. मासा त्या आठवड्यात त्या नदीत नसतो, हवामानासाठी राखलेला दिवस नसतो, किंवा गटातल्या सगळ्यात कमी दमाच्या माणसाचा विचार झालेला नसतो. तुमच्या बेतात तिन्ही शक्यता आहेत. एकेक घेऊ.

सॅमन समुद्रातून नदीत येतो तो ठरलेल्या काळात, लाटेसारखा, आणि प्रत्येक जातीचा काळ वेगळा. किंग मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत. सॉकआय जून-जुलैत. पिंक आणि चम जुलै-ऑगस्टमध्ये. कोहो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्यात पुन्हा नदीनदीत फरक. ब्रिस्टल बेचा सॉकआय चार जुलैच्या आसपास ऐन भरात असतो. २०२२ साली तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकआय आले, तो आजवरचा विक्रम. पण रस्त्याने जाता येणाऱ्या केनाई आणि रशियन या नद्यांवर सॉकआयच्या दोन फेऱ्या असतात. पहिली जूनच्या मध्यापासून, दुसरी जुलैच्या मध्यानंतर. तुम्ही धरलेला पंधरवडा नेमका या दोहोंच्या मधला, पहिली सरत आलेली आणि दुसरी अजून पोचायची. ब्रिस्टल बेला न जाता केनाईला गेलात तर त्या तारखांना नदी देखणी दिसेल, मासा मात्र जेमतेम.

किंगबद्दल स्पष्टच सांगते, मन घट्ट करा. अलास्काभर किंगची संख्या बरीच घटली आहे. गळावर पकडलेल्या किंगचा ९७ पौंड ४ औंसांचा विक्रम याच केनाई नदीतला, १९८५ सालचा. त्याच केनाईवर २०२३ पासून किंगची मासेमारी बंद ठेवण्याचे आदेश निघताहेत. इतरही अनेक नद्यांवर बंदी किंवा कडक मर्यादा आहेत. हा मासा डोळ्यांसमोर ठेवून पुण्याहून तिकिटं काढू नका. आणि खरं सांगायचं तर, जिथे कायद्याने चालतं तिथेही सध्या त्याच्यामागे लागावं असं मला वाटत नाही. उरलेत ते अंडी घालायला वर जाऊ देत.

नियमांची इथली एक पद्धत बाहेरच्यांना माहीत नसते. राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं ऐन हंगामात नियम बदलतं. केनाईवर सोनार, म्हणजे ध्वनिलहरींचं यंत्र, लावून वर जाणारे मासे मोजतात. आकडा कमी पडला की तातडीचा आदेश काढून नदी बंद, जास्त भरला की रोजची मर्यादा वाढते. त्यामुळे मार्चमध्ये वाचलेला नियम जुलैत लागू असेलच असं नाही. निघायच्या आदल्या दिवशी आणि तिथे रोज सकाळी खात्याच्या संकेतस्थळावर त्या नदीचे आदेश पाहायचे. गाइड असला तरी स्वतः पाहायचे. दंड गळ ज्याच्या हातात त्याला होतो.

परवाना ऑनलाइन मिळतो, परदेशी पाहुण्यालाही. बाहेरच्या माणसाला सात दिवसांचे ४५ डॉलर, चौदा दिवसांचे ७५. किंगसाठी वेगळा स्टँप लागतो, तो तुम्हाला नको. सोळा वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, म्हणजे पुतणीचं काम झालं. वडील नुसते काठावर बसणार असतील तर त्यांनाही नको. पण तुम्ही लिहिलंय की ते मालवणचे आणि लहानपणापासून गरवत आलेले. असा माणूस तास-दोन तास नुसता बघत बसेल यावर माझा विश्वास नाही. त्यांचाही परवाना काढा.

आता राफ्टचा बेत. कितीही पटवून दिलंत तरी या पहिल्या खेपेला मी त्याला हो म्हणणार नाही. नदी वाईट म्हणून नव्हे. या नद्या वरवर शांतच दिसतात. धोका असतो तो वळणावर, पडून पाण्यात आडव्या झालेल्या झाडांचा. प्रवाह बोटीला थेट त्यांच्या फांद्यांत ओढून नेतो आणि तिथून बाहेर काढायला वल्ह्यावर मुरलेले हात लागतात. तुमच्यात कोणी राफ्ट चालवलेली नाही. मदत म्हणजे विमान, आणि ढग खाली असले की विमान येत नाही. रोज संध्याकाळी तळ ठोकायचा, जेवण झोपण्याच्या जागेपासून दूर करायचं, अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यांत ठेवायचं, तंबूंभोवती विजेचं हलतं कुंपण लावायचं, सकाळी सगळं गुंडाळायचं, आणि हे पावसात आठ-नऊ दिवस. अडुसष्टाव्या वर्षी हे अशक्य नाही, पण घरच्यांना ते झेपेल की नाही याची परीक्षा अशा ठिकाणी घेऊ नये जिथून मध्येच परत फिरता येत नाही. शिवाय नदीकाठची बरीच जमीन तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थांच्या मालकीची आहे. कुठे उतरायचं, कुठे परवानगी लागते, हे आधी शोधावं लागतं. तुमच्यापैकी एकाने आधी इकडे चार-पाच दिवस गाइडच्या राफ्टवर काढले, वल्हं हातात घेऊन पाहिलं, तर दुसऱ्या खेपेला हाच बेत मी स्वतः आखून देईन.

लॉजचं म्हणाल तर विमानाने रोज नवीन नदीवर नेणारं लॉज आठवड्याला माणशी आठ-दहा हजार डॉलर आणि त्यावरही घेतं. पैसा मासेमारीवर कमी आणि विमानावर जास्त जातो, त्यामुळे घासाघीस फारशी चालत नाही. चौघांसाठी मी तो खर्च सुचवणार नाही.

तिसरा रस्ता रस्त्याचाच आहे, आणि माझं मत त्याच्याच बाजूने. तारखा हलवता येत असतील तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा घ्या आणि मुक्काम केनाई द्वीपकल्पावर करा. शाळा-नोकरीमुळे जुलैच हवा असेल तर १८ जुलैनंतरचे दहा दिवस घ्या. दोन्हींत फरक आहे. जुलैअखेर सॉकआयची दुसरी फेरी जोरात असते, पण काठावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. सॉकआय समुद्रात बारीक प्लवंगांवर जगतो, नदीत खाणं सोडतो, त्यामुळे आमिषाच्या मागे लागत नाही. प्रवाहातून दोरी अशी फिरवावी लागते की गळ त्याच्या तोंडात अडकावा. तोंडाबाहेर कुठेही लागला तर तो तिथल्या तिथे सोडायचा, हा नियम आहे. तासन्‌तास एकाच लयीत हात हलवायचा आणि तेही गुडघाभर थंड पाण्यात. पुतणीला दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल.

ऑगस्टमध्ये कोहो असतो, आणि कोहो आमिषावर तुटून पडतो. मुख्य धारेत कमी, कडेच्या संथ, हिरवट पाण्यात जास्त सापडतो. चमचा टाकायचा, म्हणजे ते वळलेलं चकचकीत पत्र्याचं आमिष. तो तीन-चार सेकंद बुडू द्यायचा, मग रीळ हळू फिरवायची. दर पाच-सहा फेऱ्यांनी क्षणभर थांबायचं, की चमचा डुलत खाली जातो. बहुतेक वेळा झटका त्या थांबण्यातच बसतो. त्याआधी पाण्यावर इंग्रजी व्ही आकाराची एक रेघ चमच्याच्या मागून येताना दिसते. तेव्हा नवखा माणूस उत्साहात रीळ भराभर फिरवतो. वेग तसाच ठेवायचा. वडिलांना हे सांगावं लागणार नाही.

त्याच सुमारास वरच्या केनाईत सॉकआय अंडी घालत असतात आणि रेनबो ट्राउट त्यांच्या मागे ती सुटी अंडी टिपत फिरतात. तिथे अंड्याच्या आकार-रंगाचा मणी दोरीत ओवून मासे पकडतात. मणी एका जागी पक्का केला असेल तर तो गळापासून दोन इंचांच्या आत हवा, असा राज्याचा नियम आहे, कारण जास्त अंतर ठेवलं की गळ माशाच्या डोळ्यात किंवा कल्ल्यात बसतो. मणी तळाशी, पाण्याच्याच वेगाने गडगडत जायला हवा. दोरी प्रवाहाने ताणली गेली की तो पुढे पळतो आणि ट्राउट त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. हा मासा आम्ही सोडून देतो. हात ओला करून धरायचा, पाण्याबाहेर श्वास रोखता येईल तेवढाच वेळ, फोटोसाठी दगडावर आडवा करायचा नाही.

आणखी एक. तुमची सहल सम वर्षात पडली तर ऑगस्टमध्ये केनाईत पिंक सॅमन प्रचंड येतात. इथले जुने लोक त्यांना फारशी किंमत देत नाहीत. मला ते पटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला पाठोपाठ दहा मासे लागणं यापेक्षा चांगली सुरुवात कोणती?

आता आखणी. अँकरेजहून कूपर लँडिंग सुमारे १६० किलोमीटर, रस्ता उत्तम. तिथे तीन-चार रात्री. त्यात एक दिवस गाइडच्या ड्रिफ्ट बोटीतून वरची केनाई. या भागात मोटारबोटींना बंदी आहे, त्यामुळे बोट प्रवाहाबरोबर वाहते, गाइड वल्ही मारतो, वडिलांना पाण्यात उतरायची गरज नाही. माणशी तीनशे डॉलरच्या आसपास धरा. हा खर्च टाळू नका आणि तो पहिल्याच दिवशी करा. त्या दिवसात शिकलेलं पुढचा आठवडा काठावरून वापरता येतं. मग केनाईच्याच काठावरच्या सोल्डोट्ना गावी तीन रात्री, कोहोसाठी. तिथून एक दिवस समुद्री विमानाने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, कुक इनलेट या खाडीपलीकडे बिग रिव्हर लेक्स या तळ्यांवर. तिथे नांगरलेल्या बोटीतून मासे पकडतात आणि काठावर अस्वलं आपापले पकडत असतात. तुम्हाला रानात विमानाने उतरायचं होतं, ती हौस इथे भागते आणि संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळही होते. जमल्यास किनाऱ्यावरच्या होमर गावाहून एक दिवस हॅलिबट या मोठ्या चपट्या माशासाठी समुद्रात. उलटीची गोळी आदल्या रात्रीच घ्यायची, आणि चार्टर बोटींवर काही वारी हॅलिबट ठेवायला बंदी असते, तो वार आधी विचारायचा.

यात दोन दिवस मुद्दाम रिकामे ठेवा. विमानाचा दिवस सोल्डोट्नाच्या मुक्कामात पहिलाच घ्या, शेवटी नको, म्हणजे ढगांमुळे रद्द झाला तर पुढे सरकवता येतो. पायलट ‘आज नाही’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, आणि दुसरा पायलट शोधायचा तर नाहीच. सिएटलहून भारताचं विमान आणि अँकरेजहून परतीचं विमान यांच्यामध्येही एक रात्र असू द्या.

समुद्री विमानात कडक सुटकेस चालत नाही, मऊ पिशव्या लागतात. सामान माणशी साधारण २३ किलोंपर्यंत, आणि उड्डाणाआधी तुमचंही वजन विचारतात. अस्वलासाठीचा मिरचीचा फवारा विमानाच्या आत नेता येत नाही, तो बाहेर, विमान ज्यावर तरंगतं त्या तरंडाच्या कप्प्यात ठेवतात. मोठ्या प्रवासी विमानात तर तो चेक-इन सामानातही चालत नाही, स्टोव्हचा गॅसही नाही. दोन्ही अँकरेजला घ्यायचे, परतताना तिथेच सोडायचे.

अस्वलांची भीती सगळ्यांना असते, थंड पाण्याची कोणाला नसते. माझ्या लेखी क्रम उलटा आहे. सह्याद्रीत पावसात दिवसभर भिजून चालायची तुम्हाला सवय असेल, पण तो पाऊस कोमट असतो. इथली नदी ऐन उन्हाळ्यातही बर्फाच्या पाण्यावर चालते. वेडर्सवर, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीवर, कमरेचा पट्टा घट्ट बांधायचा, म्हणजे पडलात तर आत पाणी झपाट्याने भरत नाही. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, एका हातात काठी, तोंड प्रवाहाकडे, पाय उचलायचा नाही, सरकवायचा. जीन्स आणि सुती बनियन पुण्यातच ठेवा. लोकर किंवा सिंथेटिक, दोन थर, वर खरोखर पाणी अडवणारं जॅकेट. कोणी थरथरायला लागलं, बोलताना अडखळलं, की मासेमारी तिथेच बंद. कोरडे कपडे, गाडीचा हीटर, गरम गोड चहा. वडिलांच्या बाबतीत थरथरण्याचीही वाट पाहू नका. बूट भाड्याने घेताना तळ रबराचा आहे ना पाहा. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाच्या, तळाचे बूट अलास्काच्या गोड्या पाण्यात २०१२ पासून बंद आहेत, कारण त्यांतून एका नदीतले जीवजंतू दुसरीत जातात.

अस्वलांसाठी सवयी साध्या आहेत. झुडपातून जाताना मोठ्याने बोलत जायचं. मासा लागलेला असताना अस्वल येताना दिसलं तर दोरी कापायची, मासा गेला तरी चालेल. अस्वलाला एकदा कळलं की माणसाच्या दोरीवर आयता मासा मिळतो, तर त्याचा त्रास पुढे येणाऱ्या प्रत्येकाला होतो आणि शेवटी जीव अस्वलाचा जातो. मासा नदीवरच साफ केलात तर सांगाड्याचे बारीक तुकडे करून वेगवान धारेत फेकायचे, कडेला टाकायचे नाहीत. फवारा पिशवीत नको, छातीवर किंवा कमरेला हवा, आणि पुतणीसकट प्रत्येकाने त्याची क्लिप उघडून पाहिलेली हवी.

डास जुलैत भयंकर, ऑगस्टअखेर कमी. डोक्यावरची जाळी तरीही घ्या. बारीक काळ्या माश्या तोवर असतातच.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक खास सूचना. मोबाइलची रेंज नदीवर अनेक ठिकाणी जाते, म्हणून संदेश पाठवणारं सॅटेलाइट यंत्र सोबत असावंच. पण ते अँकरेजला भाड्याने घ्या किंवा भावाच्या नावावर सिएटलला राहू द्या. विकत घेऊन पुण्याला आणू नका. भारतात अशी यंत्रं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि गोव्याच्या विमानतळावर यावरून परदेशी पाहुण्यांवर कारवाई झाली आहे. प्रवास विमा घेताना दुर्गम भागातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

मासे नेण्याचं सोपं आहे. सोल्डोट्ना आणि होमरला मासे हवाबंद करून गोठवून देणारी दुकानं आहेत. तेवीस किलोंपर्यंतचा खोका भावाच्या चेक-इन सामानात सिएटलला जातो. पुण्याचा विचार सोडा. पण येताना कोकम आणा, विमानतळावर नीट जाहीर करून. मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या केबिनमध्ये करा. त्याच दिवशी पकडलेल्या कोहोचं तिखलं वडिलांच्या हातचं झालं तर तुम्ही लॉजच्या जेवणाचं नाव काढणार नाही.

केबिन आणि भाड्याची गाडी जानेवारी-फेब्रुवारीत ठरवा. उन्हाळ्यात अँकरेजला ऐनवेळी गाडी मिळाली तरी भाव ऐकवत नाही. चांगल्या गाइडचे ऑगस्टचे दिवसही वसंतापर्यंत भरतात.

आता मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. तारखा किती हलू शकतात, आणि वडिलांचे गुडघे उतारावर, खाली उतरताना, कसे आहेत. जिना चढायला जमतो एवढं पुरेसं नाही. त्यावर सोल्डोट्नाला काठावरची कोणती जागा द्यायची ते ठरेल. काही जागांना नदीपर्यंत पायऱ्या आणि जाळीचे पूल आहेत, काहींना नुसता निसरडा चिखल.